आकडा चुकला, तर आधी कोणाला सांगता?

विचारणारा तरुण एकोणतीस वर्षांचा आहे, विक्री विभागात एक टीम सांभाळतो. बरोबरीचे दोघे त्याच्या कितीतरी पुढे निघून गेले, आणि त्यातल्या एकाने आकडे फुगवून मजल मारली हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आता त्याच्याच वरिष्ठांनी सांगितलंय की पुढच्या महिन्याची थोडी बिलं या महिन्यात दाखव, म्हणजे टार्गेट गाठलं जाईल. त्याचं मन धजत नाही. पण तो विचारतो, ‘यशापेक्षा चारित्र्य मोठं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. हे खरंच आहे, की मागे पडलेल्या लोकांनी स्वतःची समजूत घालायला काढलेली ही वाट आहे?’

मी चौतीस वर्षं लेखापरीक्षण करते आहे. दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, आकडे जुळतात का बघायचं, जुळत नसतील तर का म्हणून विचारायचं. त्यातली बरीच वर्षं घोटाळा बाहेर आल्यावर तो नेमका कुठून सुरू झाला, हे शोधण्यात गेली. चारित्र्याबद्दल मला जे काही समजलंय ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांकडून समजलंय.

आधी तुमच्या शंकेबद्दल. ती रास्त आहे. ‘मी आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही’ असं सांगणारे खूप लोक मला भेटतात, आणि त्यातल्या अनेकांच्या हातात तिजोरीची किल्ली कधी आलेलीच नसते. त्यांना मी वाईट म्हणत नाही, पण त्यांची परीक्षा अजून व्हायची आहे. उलट मोठमोठ्या जागी पोचलेली, स्वच्छ हातांची माणसंही मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे यशस्वी म्हणजे लबाड आणि अपयशी म्हणजे सज्जन, ही वाटणी डोक्यातून काढून टाका. यश मिळवण्यात काहीही गैर नाही. मनापासून मिळवा.

घोटाळ्याचा तपास आम्ही उलट्या दिशेने करतो. शेवटच्या नोंदीपासून एकेक महिना मागे जायचं. सुरुवातीला मला वाटायचं, मागे मागे गेलं की कुठेतरी एक पक्का ठरलेला कट सापडेल. तसा क्वचितच सापडला. बहुतेक वेळा अगदी तळाशी एक छोटी नोंद निघते. कोणाकडून तरी एक चूक झालेली असते किंवा अचानक पैशांची गरज पडलेली असते, आणि ती त्या दिवशी कोणालाही सांगितली गेलेली नसते. पुढचं सगळं ते झाकून ठेवण्यासाठी.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अफरातफरीत शिक्षा झालेल्या माणसांना तुरुंगात जाऊन भेटून बोलतं केलं आणि १९५३ साली आपले निष्कर्ष मांडले. विश्वासाच्या जागेवरचा माणूस कधी घसरतो, याची त्याने तीन कारणं सांगितली: एक अशी अडचण जी आपण कोणालाच सांगू शकत नाही असं त्याला वाटतं, ती गुपचूप सोडवायची संधी, आणि ‘हे काही खरं वाईट नाही’ असं स्वतःला पटवणारं एखादं वाक्य. आमच्या अभ्यासात हे त्रिकूट सगळ्यांना शिकवतात. संधी कशी बंद करायची यावर नियमांचे ग्रंथ आहेत, दोन सह्या, दोन किल्ल्या, अचानक तपासणी. पण पहिल्या कारणावर कुठलीच पद्धत चालत नाही. अडचण सांगता येणं किंवा न येणं हे त्या माणसाच्या आतलं असतं. माझ्या लेखी चारित्र्य म्हणजे मुख्यतः हेच. स्वतःची चूक लक्षात आल्यानंतरच्या पहिल्या तासात माणूस काय करतो, ते.

बेअरिंग्ज बँक १७६२ सालची. दोन शतकांहून जुनी, लंडनमधली अतिशय प्रतिष्ठित बँक. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन हा तरुण व्यवहार पाहायचा. १९९२ साली तिथे एका सहकाऱ्याच्या हातून सौद्यात चूक झाली, वीस हजार पाउंडांच्या आसपासची. ती वरिष्ठांना कळवण्याऐवजी लीसनने ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात दडवली. पुढे स्वतःचं नुकसानही त्याच खात्यात जायला लागलं. वरवर त्याचे नफ्याचे आकडे दिपवणारे होते आणि लंडनला त्याचं मोठं कौतुक होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सगळं उघडं पडलं तेव्हा तोटा ८२ कोटी ७० लाख पाउंडांवर गेला होता. बँक बुडाली आणि अवघ्या एका पाउंडाला विकली गेली.

वीस हजार पाउंडांची चूक सांगितली असती तर काय झालं असतं? एका सहकाऱ्याची नोकरी कदाचित गेली असती, लीसनला बोलणी बसली असती. त्या दिवशी सांगणं स्वस्त होतं. सहा महिन्यांनी महाग झालं, वर्षभराने परवडेनासं झालं. आणि ते महाग कशामुळे होत गेलं बघा. त्याचं नाव जितकं मोठं होत गेलं तितकी सांगण्याची किंमत वाढत गेली. यशाबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट ही आहे. दर बढतीबरोबर, दर पुरस्काराबरोबर ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द जड होत जातात. ते उच्चारायची सवय आधीपासून नसेल, तर वर पोचल्यावर ती लागत नाही.

सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीला २००८ च्या सप्टेंबरमध्ये उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता. चार महिन्यांत, ७ जानेवारी २००९ ला, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून ताळेबंदात ५,०४० कोटी रुपयांची नसलेली रोकड दाखवल्याचं कबूल केलं. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ते पत्र वाचलंय. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांत सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वाढत गेला, आणि पुढे वाघावर बसल्यासारखं झालं, उतरावं तर तो खाणार, असं त्यात लिहिलं होतं. त्या कंपनीच्या वह्यांवर सही करणारे माझ्याच व्यवसायातले लोक होते, हे मी विसरू शकत नाही. त्यांच्याकडे पदव्या होत्या, अनुभव होता, नाव होतं.

आता तुमच्या वरिष्ठांच्या सांगण्याकडे या. कागद घ्या. समजा टार्गेट १०० आहे आणि तुमची खरी विक्री दर महिन्याला ९० होते. या महिन्यात पुढच्याकडून १० उसने घेतले. पुढच्या महिन्याकडे ८० च उरले, म्हणून २० घ्यावे लागतील. तिसऱ्यात ३०. सहाव्यात ६०. दहाव्या महिन्यात त्या महिन्याची अशी एकही विक्री शिल्लक नसते, १०० हवेत आणि अकराव्या महिन्यातले सगळे उचलले तरी ९० च होतात. उरलेल्या दहांसाठी मग न झालेल्या विक्रीची बिलं फाडावी लागतात. ‘थोडी बिलं इकडची तिकडे’ पासून खोट्या कागदापर्यंतचं अंतर दहा महिन्यांचं आहे, आणि वाटेत कुठेही तुम्हाला आपण चोर झालो असं वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. मी पाहिलेल्या झाकल्या मुठी दर महिन्याला आणखी घट्ट आवळाव्या लागत होत्या, आणि ते हात दुसऱ्या कशाच्याच कामाचे राहिले नव्हते.

उमेदवारीच्या दिवसांतली एक आठवण सांगते. वर्षअखेरच्या साठ्याची मोजणी होती. मोठं गोदाम, छताला भिडलेल्या खोक्यांच्या थप्प्या. बरोबर गोदामपाल होते, साठीकडे झुकलेले, कानावर पेन्सिल आणि हातात साठा नोंदवही. मी नवखी होते. थप्पीची लांबी, रुंदी, उंची मोजायची, गुणाकार करायचा, पुढे जायचं. चार ओळी झाल्या. पाचवीपाशी मी फूटपट्टी लावली आणि आकडे लिहू लागले, तर काका जागचे हलेनात. माझ्याकडे न बघता, वहीची कड अंगठ्याने दाबत ते हळूच म्हणाले, ‘ताई, ही थप्पी वर चढून मोजा.’

शिडी लावून चढले. वरून पाहिलं तर कडेच्या चारी बाजूंना खोकी, आणि मध्ये विहिरीसारखी पोकळी. वरचा थर फळ्यांवर रचलेला होता. पुढच्या तीन ओळीही तशाच निघाल्या.

खाली आल्यावर मी विचारलं, ‘काका, तुम्ही का सांगितलंत? मला कळलं नसतं.’ ते म्हणाले, ‘मालकांनी रचायला सांगितलं, रचलं. ते चुकलंच माझं. पण मोजणीच्या कागदावर खाली सही माझी असते, ताई.’

त्यांची नोकरी गेली. दोन महिन्यांत त्यांना कमी केलं, कारण दुसरंच दाखवलं. पुढे ते एका लहान दुकानात हिशेब लिहायला लागले, आधीपेक्षा कमी पगारावर. मला पुन्हा एकदाच भेटले. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय, कारण सचोटीचं फळ मिळतंच असं म्हणणारे लोक सचोटीचं नुकसान करतात. फळ न मिळालेला माणूस मग स्वतःला फसलेला समजतो. काकांना कुठलंही फळ मिळालं नाही. ज्या मालकाने पोकळ थप्प्या रचायला लावल्या, त्याच्या धंद्याचं पुढे बरंच चाललं, निदान काही वर्षं. तुमचा आकडे फुगवणारा मित्र कदाचित कधीच पकडला जाणार नाही, हे धरून चाला. तो पकडला जाईल या आशेवर प्रामाणिक राहायचं असेल तर ते फार दिवस टिकणार नाही.

मग चारित्र्य मोठं ते कशात? माझं उत्तर मला त्या गोदामात मिळालं, जरी ते शब्दांत मांडायला वर्षं लागली. त्या इमारतीत त्या दिवशी ज्याच्या शब्दावर विसंबून मी माझ्या कागदावर आकडा लिहू शकत होते, असा एकच माणूस होता. मालकाची पदवी, ओळखी, गाडी यांतलं काहीही मला तो आकडा देऊ शकत नव्हतं. सगळ्या जगाचा व्यवहार अशा माणसांवर उभा आहे. औषधाच्या बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे, पुलाचे खांब नकाशाप्रमाणेच भरलेत, हे आपण दररोज धरून चालतो, कारण कुठेतरी कोणीतरी वर चढून मोजलेलं असतं. यश ज्याचं त्याचं असतं. सचोटीचा उपयोग त्याला ओळखतही नसलेल्या लोकांना होतो.

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरचं, म्हणजे सिटीकॉर्प बँकेच्या इमारतीचं, उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देते. ५९ मजली इमारत, १९७७ साली पूर्ण झाली. तळाचे खांब कोपऱ्यांत न ठेवता प्रत्येक बाजूच्या मधोमध, आणि ही रचना करणारे अभियंते विल्यम लेमेझर तेव्हा आपल्या क्षेत्रात शिखरावर होते. १९७८ मध्ये त्यांना कळलं की आतल्या आधाराच्या तुळयांचे सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले गेलेत. तिरप्या दिशेने येणाऱ्या जोराच्या वादळात ते पुरे पडणार नाहीत, असं त्यांना पुन्हा केलेल्या आकडेमोडीत दिसलं. इमारत उभी होती, लोक आत काम करत होते, आणि हे बाहेर कोणालाही माहीत नव्हतं. त्यांनी वास्तुरचनाकारांना सांगितलं, मग थेट बँकेला. त्यानंतर काही महिने रात्री वेल्डर येऊन सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवत राहिले. तिथे काम करणाऱ्यांना आणि शहरातल्या लोकांना मात्र ही गोष्ट १९९५ पर्यंत उघडपणे सांगितली गेली नाही, त्याबद्दल टीका झाली आणि मला ती योग्य वाटते. पण आपल्या सर्वांत गाजलेल्या कामात आपलीच चूक सापडल्यावर ती घेऊन स्वतःच्या पायांनी दार ठोठावणं, हे इतकं अवघड आहे की अख्ख्या कारकिर्दीत मी ते मोजक्याच वेळा पाहिलं.

‘चारित्र्य’ हा शब्द आपण फार आखडून टाकलाय. कोणाचं कोणाशी काय आहे, एवढ्यापुरताच तो उरल्यासारखा वापरतात, आणि तोही बहुतेकदा बायकांच्या बाबतीत. याचा मला मनापासून राग येतो. मुळात त्यात ‘चर्’ धातू आहे, चालणं, वागणं. माणूस रोज कसा चालतो, ते. आपला जुना शब्द ‘शील’ मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्याची एक गोष्ट आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात ती येते. इंद्रप्रस्थाचं वैभव पाहून दुर्योधन जळत परतलेला आहे, आणि धृतराष्ट्र त्याला प्रल्हादाची कथा सांगतो. प्रल्हादाने तिन्ही लोकांचं राज्य मिळवलेलं. इंद्र ब्राह्मणाच्या रूपात त्याची सेवा करतो आणि प्रसन्न झालेल्या प्रल्हादाकडे वर मागतो, तुझं शील मला दे. प्रल्हाद दिलेल्या शब्दाला जागतो. मग त्याच्या शरीरातून एक तेजस्वी पुरुष बाहेर पडतो. कोण तू? मी शील, ज्याला दिलंस त्याच्याकडे चाललो. मागोमाग धर्म निघतो, मग सत्य, मग सदाचार, मग बळ. सगळ्यांत शेवटी लक्ष्मी निघते. प्रत्येक जण जाताना एवढंच म्हणतो की तो पुढे गेला, म्हणून मीही जातो.

मला या कथेत निघण्याचा क्रम फार खरा वाटतो. लक्ष्मी सर्वांत शेवटी जाते. म्हणजे शील निघून गेल्यावरही बराच वेळ घरात लक्ष्मी दिसत असते, आणि बाहेरच्यांना तीच दिसते. मी तपासलेल्या किती तरी कंपन्यांत अगदी असंच होतं. तुमच्या मित्राकडे पाहताना तुम्हीही शेवटचीच निघणारी गोष्ट पाहताय.

आणि शील फक्त पैशांच्या बाबतीतलं नाही. हाताखालच्या मुलीने रात्रभर बसून केलेलं काम बैठकीत स्वतःच्या नावावर मांडणारा साहेब कधी एक पैसा खाणार नाही, तरी मी त्याला शीलवान म्हणणार नाही. कडक प्रामाणिक आणि घरी-दारी सगळ्यांना तुच्छ लेखणारी माणसंही असतात. त्यांच्यापाशी कोणी स्वतःची चूक कबूल करायला जात नाही, म्हणून त्यांच्या हाताखाली झाकाझाकी सर्वांत जास्त सापडते. हे मी वारंवार पाहिलंय. दुसऱ्याला खरं बोलायला सोपं जावं असं वागणं हाही चारित्र्याचाच भाग आहे, आणि मला तो फार उशिरा कळला.

माझ्या स्वतःच्या कामात अकराव्या वर्षी एक मोठी चूक झाली. मी तपासत असलेल्या एका कंपनीच्या देणेकऱ्याकडून बाकी मान्य असल्याचं पत्र यायला हवं होतं. ते न आलेलं असताना मी रक्कम वसूल होणारी धरून अहवालावर सही केली. पंधरा दिवसांनी कळलं की तो देणेकरी दिवाळखोरीत निघालाय. रात्री साडेदहाला फाईल उघडी टाकून बसले होते. पुढच्या वर्षी गुपचूप समायोजन करता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं, आणि ‘तोपर्यंत काहीतरी वसूल होईलच’ हे स्वतःला पटवणारं वाक्य तयारही होतं. क्रेसीचं त्रिकूट मला तोंडपाठ होतं, आणि मी त्याच्या बरोबर मधोमध बसले होते. त्या रात्री मला काकांची वही आठवली. सकाळी मी भागीदारांना आणि मग त्या कंपनीला सांगितलं. त्या कंपनीचं काम आमच्याकडून गेलं. भागीदार बरेच दिवस नीट बोलले नाहीत. पण तेव्हापासून कुठलीही जुनी फाईल कोणी उघडायला मागितली तर माझ्या पोटात गोळा येत नाही, आणि या व्यवसायात त्याची किंमत काय असते हे मला माहीत आहे.

आता तुमचं काय करायचं ते. वरिष्ठांकडे जाताना आवाज चढवू नका आणि त्यांना लबाडही ठरवू नका. त्यांच्यावरही वरून कोणाचा तरी दाब आहे. आकडा आधी सांगा, कारण नंतर, आणि उपाय शेवटी: ‘या महिन्यात आपण ९० वर थांबतोय. मागण्या दोन ठिकाणी अडकल्यात. पुढच्या महिन्यात ९५ पर्यंत नेण्यासाठी मला हे हे लागेल. बिलं मात्र माल जाईल त्या तारखेचीच निघतील.’ हेच त्याच दिवशी मेलवरही पाठवा, दोनच ओळींत, कोणावर ठपका न ठेवता. तुमच्या टीममधल्या ज्यांना बिलं बनवायची आहेत त्यांना हे तुमच्या तोंडून कळू द्या, म्हणजे उद्या कोणी त्यांच्याकडे परस्पर गेलं तर त्यांना एकटं वाटणार नाही.

बढती हुकू शकते. नोकरीही जाऊ शकते. म्हणून वरिष्ठांशी बोलण्याआधी, आज रात्रीच, घरात जे कोणी तुमच्या पगारावर विसंबून आहेत त्यांना समोर बसवून सगळं सांगा, वर काढला तो दहा महिन्यांचा हिशेबही कागदावर दाखवा. किती महिने निभावेल, कोणता खर्च थांबवता येईल, हे त्यांच्याबरोबरच मांडा. ते घाबरतील, प्रश्न विचारतील. उत्तरं द्यायला उशीर झाला तरी चालेल, पण कागद आवरून ठेवायची घाई करू नका.